शेवटच्या ओळीतलं नाव

मुकादमानं शिट्टी वाजवली तशा तलावाच्या कोरड्या पोटात राबणाऱ्या बाया टोपली पालथी घालून खाली टेकल्या.

रेणापूरच्या अंगाला पाझर तलावाचं दुष्काळी काम चाललं होतं. लातूर जिल्हा होऊन तिसरं वर्ष. नव्या जिल्ह्याचे साहेब आज जीपमधून पाहुणी घेऊन आले होते, आणि जीपच्या टपावर कर्णा बांधून आणला होता.

“आपल्या जिल्ह्याची शान, केवळाबाई, आज तुमच्यासाठी गाणार आहेत!” साहेब म्हणाले.

“जिल्हा दिला, गाणं बी दिलं, आता पाणी तेवढं द्या की सायेब!” मागून कुणीतरी वरडली आणि हशा पिकला.

केवळाबाई हसली नाही. तिची नजर तिसऱ्या रांगेत अडकली होती. कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, अंगावर मातीनं विटलेलं लुगडं. गुरम्मा. ती ह्याच कामावर येते, हे काल कानावर आलं म्हणून तर केवळाबाई आली होती. एरवी ती आता कुठं गात नव्हती. दोन ओळी झाल्या की छाती भात्यागत वाजायची.

एका जात्याच्या खुंट्याला दोघींचे हात असायचे, तेव्हाची ती ओवी. जुळवायची गुरम्मा, गळा केवळाचा. आणि जिनं ओवी जुळवली तिचं नाव शेवटच्या ओळीत गुंफायचं, ही जात्यावरची रीत. रेडिओची माणसं गावात आली तेव्हा गुरम्मा बाळंतपणाला माहेरी गेलेली. केवळानं त्या ओळीत आपलं नाव घातलं. एकदाच, म्हणून घातलं. दोन्ही नावं तीन-तीन अक्षरांची. चालीला कुठं ठेचसुद्धा लागली नाही. पुढं ती ओवी लग्नाच्या कर्ण्यावर चढली, शाळेतल्या पोरींच्या तोंडी बसली, आणि गुरम्माचं नाव परत घालायला केवळाबाईला तोंड राहिलं नाही.

आज ते नाव परत द्यायचंच होतं. छातीत अजून चार ओळी पुरतील एवढा वारा होता.

तिनं डोळे मिटले.

कोरड्या आडामंदी, पव्हरा सोडिला गं खोल
पाण्याच्या आधी आला, माझ्या माउलीचा बोल

आवाज चिरकला, तरी ओळखीचा होता. तीनशे बायांनी तो वरच्या वर झेलला. लेकराला झोका द्यावा तशा त्या बसल्या जागी डोलू लागल्या. आड आटला, माउली गेली, ओवी उतरत उतरत शेवटच्या ओळीशी आली.

“गुरम्मा म्हणं बाई...” केवळाबाईनं उचललं.

“केवळा म्हणं बाई...” तीनशे गळ्यांनी त्याच क्षणी म्हटलं.

दोन नावं एकमेकांवर आदळली. गाणं थांबलं. कर्णा तेवढा किंचाळत राहिला.

“अगं बया!” पुढं बसलेली सिंधू तोंडाला पदर लावत म्हणाली. “मावशी सोताचंच नाव इसरल्या!”

“इसरले न्हाई गं लेकी.” केवळाबाईनं तिसऱ्या रांगेकडं बोट केलं. “ही ओवी माझी न्हाई. ती तिथं बसलीय ना, गुरम्मा, तिची हाय. मी तिचं नाव काढून माझं...”

साहेबांनी हळूच तिच्या हातातून माईक घेतला. “बघा! एवढी मोठी कलावंत, आणि मान एका कामकरी बाईला देतेय. मनाचा मोठेपणा म्हणतात तो हा!”

टाळ्या पडल्या. तळव्यांवरची माती उडाली. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत गुरम्मा उठली. माना तिच्याकडं वळल्या. तिनं पदर खोचला आणि जात्याच्या घरघरीसारख्या आवाजात ती ओळ पुरी केली:

केवळा म्हणं बाई, पाणी गेलं उरं ओल

बायांनी ओळ उचलली. मुकादमाची शिट्टी वाजली, टोपली पुन्हा उताणी झाली, कुदळी चालू झाल्या; ओळ थांबली नाही.

साहेबांनी अंगावर घातलेली शाल सावरत केवळाबाई ढेकळांतून तिच्याजवळ गेली. “तू तरी खरं सांगायचं की गं, गुरम्मा. तुझं नाव तुला मिळालं असतं.”

गुरम्मा टोपलं भरत होती. तिनं मान वर केली नाही.

“तीस वर्सं लुगड्यागत नेसलीस ते,” ती म्हणाली. “पार जाळी झाली त्याची. आन आता धुऊन घडी घालून परत करायलीस व्हय, केवळे?”

गुरम्मानं टोपल्यात आणखी एक खोरं माती ओढली.

“तुझ्या अंगाला बसलंय ते. नेस आता तूच.” मग कमरेवर हात ठेवून गुरम्मा सरळ झाली. “हुबी काय राह्यलीस? हात लाव.”

केवळाबाई वाकली. टोपल्याला समोरासमोर चार हात लागले, जसे खुंट्याला लागायचे. टोपलं डोक्यावर चढलं, आणि गुरम्मा मागं न बघता बांध चढू लागली.

शाल खांद्यावरून घसरून ढेकळांत पडली होती. केवळाबाईनं ती उचलली नाही. वर बांधावर एकामागून एक बाया माती टाकत होत्या, आणि एकेक टोपलं रितं होताना ओळीतला तोच शब्द येत होता. केवळा. केवळा. टोपल्यागणिक तिचं नाव बांधावर पडत होतं, आणि त्यावर पुढची माती.