हिंदुरावाचा घास

हिंदुराव लढाईत पडला त्याला वर्ष झालं. आज त्याचं वर्षश्राद्ध, आणि बहात्तरच्या त्या दुष्काळात सांगोल्याकडच्या गावात पसाभर शाळू कुणाच्या घरी मिळेना. आई, दगडाबाई, पदर पसरून दारोदार फिरली. लोकांनी बियाण्याचासुद्धा खाऊन टाकलेला. शेवटी घरी येऊन तिनं रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीचीच भाकरी थापली. कडा फाटल्या, तशीच भाजली.

"कुटली ज्वारी म्हनायची ही?" नवऱ्यानं, महिपतीनं, विचारलं.

"अमेरिकेची. दुसरी हाय कुटं?"

"आन पोराच्या अंगावर आला त्यो रणगाडा पाकिस्तानला कुनी दिल्ता? अमेरिकेनंच की! ज्यानं पोरगं गिळलं, त्याचाच घास पोराला वाढतीस व्हय?"

"हिंदुरावाची लेकरं त्याच घासावर जगल्याती की."

दगडाबाईनं पान घराच्या धाब्यावर, मातीच्या छतावर, नेऊन ठेवलं. कावळा शिवला नाही, तर पोराचा राग खरा, असं तिनं मनाशी धरलं होतं. पण तिनं हात मागं घ्यायच्या आतच कावळ्यानं झडप घातली आणि अख्खी भाकरी उचलून नेली.

"शिवला, शिवला!" महिपतीचे डोळे भरून आले. "पोरानं मानून घेतलं गं!"

दगडाबाई रिकाम्या पानाकडं बघत राहिली.

"पोरगं न्हाय वो ते," ती म्हणाली. "कावळाबी आपल्यावानीच उपाशी हाय."