पट्ट्याचं टोक

सासऱ्यांच्या हातून दोर सुटला तो जावयाच्या पट्ट्यापायी.

नावेवरून सोडलेला दोर धरून सगळे पाण्याखाली पाच मीटरवर लटकले होते. समुद्राच्या खोलातून एकदम वर यायचं नसतं. अंगात मुरलेला वायू सावकाश निघून जावा म्हणून तीन मिनिटं तिथे थांबायचं असतं. करायचं काहीच नसतं, दोर धरायचा आणि पाठीवरच्या टाकीतून श्वास घेत राहायचं. पण सासरे शिंपी. शेजारी लटकलेल्या जावयाच्या जॅकेटचा पट्टा निसटला होता आणि त्याचं टोक पाण्यात फडफडत होतं. त्यानं कुणाचं काही अडलं नव्हतं. सासऱ्यांना मात्र राहवेना. त्यांनी ते टोक धरलं आणि व्यवस्थित खोचून दिलं. त्यासाठी दोन्ही हात लागले.

प्रवाह काय, टपलेलाच होता. जावयाने मान वळवली तेव्हा सासरे हातभर लांब गेले होते, बघता बघता चार हात झाले. जावयाने कामातल्या जोडीदाराला खूण करून बाकीची पर्यटक मंडळी त्याच्यावर सोपवली, आणि आपणही दोर सोडला.

वर नावेत लेक बसली होती. लोकांना समुद्राखाली फिरवून आणायचं नवऱ्याचं हे काम तिच्या वडिलांना कधीच रुचलं नव्हतं. जावई काय करतात असं कुणी विचारलं, की ते ‘पाण्यात असतात’ म्हणायचे आणि विषय बदलायचे. लेकीचाही जीव रोज टांगणीला लागलेला. शेवटी सकाळीच ठरलं होतं, की बाबांनी एकदा खाली जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. त्यानंतरही ते ‘सोडा’ म्हणाले, तर नवऱ्याने काम सोडायचं. नवऱ्याने मान डोलावली होती. त्याला दुसरं काहीच येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं, पण बायकोचा उतरलेला चेहरा बघवत नव्हता.

जावयाने सासऱ्यांना गाठलं तोवर दोर दिसेनासा झाला होता. वर पाहिलं तर नावेचा तळही नाही. सासऱ्यांचे डोळे काचेआड मोठे झाले आणि ते वर जायची धडपड करू लागले. जावयाने त्यांना छातीपाशी घट्ट धरलं आणि तळहात दाखवला. थांबा. दोर असो नसो, तीन मिनिटं चुकवायची नव्हती. मग एका हाताने त्याने कमरेचा लांबट नारिंगी फुगा सोडवला, त्यात हवा भरली आणि नावेवरून दिसावा म्हणून त्याच्या दोरीवर वर सोडला. दुसरा हात सासऱ्यांवरून हलला नाही.

लेकीच्या लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती, पण या दोघांनी एकमेकांकडे इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. घरी मध्ये वर्तमानपत्र असायचं, नाहीतर लेक. इथे नजर चुकवायची म्हटली तरी चुकवणार कुठे? जावई सावकाश श्वास घ्यायचा, सोडायचा, आणि सासऱ्यांना तसंच करायला लावायचा. हळूहळू सासऱ्यांची छाती त्याच्या हाताखाली शांत झाली.

वर आले तेव्हा नाव बोटाएवढी दिसत होती. बाकीचे वर येईपर्यंत तिला हलता येणार नव्हतं. दोघं लाटांवर खालीवर होत राहिले. जावयाने सासऱ्यांच्या दंडात दंड अडकवला आणि फुगा उंच धरला. लाट मध्ये आली की नाव दिसायची नाही, आणि तेवढा वेळ सासरे दंड आणखी आवळायचे.

“तुम्ही दोर का सोडलात, बाबा?” जावयाने विचारलं. आवाजात राग नव्हता.

“पट्टा लोंबत होता तुमचा.” सासरे ओशाळले. “आणि तुम्ही का सोडलात?”

“तुम्ही सोडलात म्हणून.”

 सासऱ्यांच्या डोळ्यांत खारट पाणी गेलं होतं, ते त्यांनी पुसलं. पुन्हा गेलं, पुन्हा पुसलं. मग त्यांनी फुगा आपल्या हातात घेतला, तुमचा हात भरून आला असेल म्हणाले. जावयाने घेऊ दिला. दंड मात्र तसाच अडकलेला राहिला.

नाव आली तेव्हा लेक पुढच्या टोकाला उभी होती, कुणी मागे ओढत असूनही. दोघांना वर घेतल्यावर ती आधी वडिलांना बिलगली, मग नवऱ्याला, आणि मग दोघांवर एकदमच चिडली. नारिंगी ठिपका दिसेपर्यंत आपण काय काय नवस बोललो ते तिने ऐकवलं. बाबांचं नीट बघणं झालं असेल तर आता निकाल लागला, म्हणाली. त्यांना विचारायचीही गरज नाही. हे काम उद्यापासून बंद.

 जावयाने शब्द दिलेला होता. तो वाकून पायांतले पोहायचे रबरी पंख काढू लागला, आणि एवढ्याशा कामाला त्याला फार वेळ लागत होता.

सासरे टॉवेल गुंडाळून बसले होते. थंडीने दात वाजत होते, त्यामुळे त्यांना नीट बोलता येईना. लेकीचा हात धरून त्यांनी तिला शेजारी बसवलं.

“उद्या आणखी कुणाचा तरी बाप दोर सोडेल,” ते म्हणाले. “तेव्हा खाली हा नको का?”