बारीक शिट्टी

"काका, महागडा स्पीकर ऐकवताना तुम्ही हळूच आवाज तर नाही वाढवून राहिले?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून आई-बाबांसोबत आलेल्या प्रणालीनं धरमपेठेतल्या दुकानदाराला विचारूनच टाकलं. वीस वर्षं पॉवरलूमच्या खडखडाटात काढलेल्या बाबांना टीव्हीतले शब्द कळत नव्हते, म्हणून ही खरेदी.

"कानावर विश्वास ठेव न, बेटा," तो म्हणाला.

प्रणालीचा मुळीच नव्हता. तिनं मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप उघडलं आणि स्वस्त आणि महागड्या अशा दोन्ही स्पीकरवर एकच बारीक शिट्टी वाजवायला लावली. काटा दोन्ही वेळा सारखाच उसळला. आईनं तर कानच झाकले.

"काहून गा, अजून लावलं नाही?" बाबांनी दुकानदाराला विचारलं.

 

"आई, बाबा, स्पीकर राहू द्या," प्रणाली म्हणाली. "आपण आधी कानाच्या डॉक्टरकडे जाऊ."