एक कोयता

“तीस टक्क्यांत काही होत नाही, बाबा. चाळीस लागतात.” राधाकिशन कारकुनानं अपंगत्वाचे दोन्ही दाखले टेबलावरून परत सरकवले.

“ह्यांचं तीस, माझं तीस,” बायनाबाई म्हणाली. “साठ झालं की.”

“दोघांची बेरीज करता येत नाही, मावशी.”

“कावून? कारखान्यात तर करतेत.”

तहसीलच्या रांगेत हशा पिकला. बायनाबाईला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. लग्न झाल्यापासून ती आणि गहिनीनाथ नांदूरघाटाहून ऊसतोडीला जात होते, आणि सहकारी साखर कारखान्याच्या हिशेबी नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यानं तोडायचं, तिनं मोळी बांधायची. एकाला ताप आला की दोघांचा खाडा. यंदा पाऊस फिरकलाच नाही, ऊस जळाला, कारखान्याची चिमणी थंड पडली. मुकादम टोळी घेऊन कर्नाटकात गेला, पण ह्या दोघांच्या दारात ट्रक थांबला नाही. ‘तुमचा कोयता आता चालत न्हाई,’ असं त्यानं ट्रकमधूनच सांगितलं. आता निराधारांचं अनुदान सुरू झालं तरच चूल पेटणार होती.

“साहेब, बाजारात बैलजोडीचं मोल जोडीवरच करतेत,” मागून म्हातारा मेंढपाळ म्हाळू म्हणाला. “एक लंगडा आन् एक आंधळा, मग औत काय आर्धं चालतं का?”

“तू गप बस, म्हाळू. तुझा नंबर यायचाय अजून.”

गहिनीनाथ ओशाळला. मागायची त्याला मुळातच लाज वाटत होती. “माझं राहू द्या साहेब. हाताची जखम कवाच भरली. हिच्या डोळ्याचं तेवढं बघा. हिच्यासाठीच आलतो मी.”

“माझ्या डोळ्याला काय धाड भरलीय? धुरानं पाणी येतं, तेवढंच,” बायनाबाई म्हणाली. “हे एकटे यायला तयार न्हवते, म्हणून माझा बी अर्ज केला. ह्यांच्या हाताचं बघा.”

“बरं, दाखले परत मिळाले म्हणून इथं सही करा,” राधाकिशन कंटाळून म्हणाला.

गहिनीनाथानं पेन घेतलं. त्याची बोटं पेनाभोवती मिटली नाहीत. तोवर बायनाबाईची बोटं बाहेरून आली आणि त्यांच्यावर मिटली. दुसऱ्या हातानं ती कागद दाबायला गेली, तो हात पडला शाईच्या पॅडवर. गहिनीनाथानं कोपरानं तो हात कागदावर आणून ठेवला. सही झाली. आपण काही वेगळं केलं, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. राधाकिशनच्या मात्र आलं.

“बाबा, तपासणी शिबिरात डॉक्टरांनी काय करायला लावलं होतं?”

“सदऱ्याची बटनं काढून लावायला.”

“मग?”

“लावली की. पटापट.”

“तेव्हा मावशी कुठं होत्या?”

“कुठं म्हंजे? संगंच.”

“आणि मावशींनी भिंतीवरचा तक्ता ओळखला, तेव्हा तुम्ही?”

“संगंच. खुणेचं तोंड कोन्या अंगाला हाय ते सांगायचं हुतं. तिला काय ते समजंना, म्हणून कोपरानं जरा जरा दाखवलं.”

राधाकिशननं कपाळाला हात लावला. फेरतपासणीचा अर्ज त्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिला. “एकेकट्यानं आत जायचं,” त्यानं बजावलं. “दुसऱ्यानं दाराबाहेर थांबायचं.”

पुढच्या शिबिरात गहिनीनाथ आत गेला आणि शिपायानं दार लावून घेतलं. कसाबसा सदरा उघडला, पण वरचं बटन काजात जाईना. आजवर ते आपोआप जायचं. तो थोडा वेळ थांबला. नेहमी येणारी बोटं आली नाहीत. मग तो आपल्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसा बघत राहिला.

“राहू द्या,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी दाखल्यावर साठ टक्के लिहिले.

तो उघड्या सदऱ्यानंच बाहेर आला. “बायने,” मयतीचा सांगावा द्यावा तशा आवाजात तो म्हणाला, “माझा हात गेलाय.”

“लई वर्सं झाली.” बायनाबाई चाचपत त्याची बटनं लावू लागली.

“मला सांगितलं कावून न्हाई?”

“सांगून काय करायचं? ऊस तर तुटत हुता.”

शिपायानं तिचं नाव पुकारलं. तिनं सवयीनं कोपर मागे केलं, पण दार मध्येच लागलं. गहिनीनाथ दाराला कान लावून उभा राहिला. आत खुर्ची पडल्याचा आवाज झाला. मग डॉक्टरांचा आवाज आला, “मावशी, तक्ता ह्या भिंतीवर आहे. ती खिडकी आहे.”

दार उघडलं. पंचावन्न टक्क्यांचा दाखला छातीशी धरून बायनाबाई भिंतीच्या आधारानं बाहेर आली. ती लालेलाल झाली होती.

“आन् माझे डोळे गेलेत, हे तुमी मला कवा सांगणार हुता?” तिनं दारावरच्या शिपायाला विचारलं.