स्क्रूखालचे ठिपके

"ही कात्री तीस वर्षांपूर्वीची," कंपनीचा वकील म्हणाला आणि त्याने एक गंजलेली कात्री अधिकारी बाईंच्या टेबलावर ठेवली. "पात्यावर मुंगी आहे, बघा. म्हणजे मुंगीची खूण आमच्या अशिलाच्या वडिलांपासूनची."

ट्रेडमार्क कार्यालयातली ही शेवटची सुनावणी. एक भट्टी, दोन ऐरणी आणि धारेचं एक चाक एवढा लेकीचा आणि तिच्या बाबांचा कारखाना, आणि तो सगळा त्या मुंगीवर उभा होता. शिंपी दुकानात येऊन कात्री मागतच नसत. "एक मुंगी द्या," म्हणत. मुंगी होऊन साखर खावी, म्हणून आजोबांनी ती खूण निवडलेली. पण नोंदवून ठेवावी, हे ना आजोबांना सुचलं ना बाबांना. "आपलं काम बोलतं," हे बाबांचं ठरलेलं उत्तर. काम बोलत राहिलं आणि चार वर्षांपूर्वी बाजारात आलेल्या कंपनीने तीच मुंगी आपल्या पत्र्याच्या कात्र्यांवर ठोकली. वर नोंदणीचा अर्जही त्यांचाच आधी. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

लेकीने अर्जाला हरकत घेतली. ज्याचा वापर जुना त्याचा हक्क, असं तिला सांगण्यात आलं होतं. पण छप्पर गळून जुन्या कागदांचा लगदा झालेला. हातात उरले जेमतेम आठ वर्षांचे, आणि समोर हा तीस वर्षांचा दावा.

शेजारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मुळातच मितभाषी माणूस. लेक सहा वर्षं त्यांच्या बरोबरीने घाम गाळत होती, पण बरं की वाईट, एक अक्षर कधी बोलले नाहीत. डावखुरी म्हणून गल्लीने तिची टिंगल केली, तेव्हाही नाही.

आता मात्र ते उठले. "मॅडम, ती जरा हातात घेऊ?"

बाईंनी मान हलवली. बाबांनी मुंगीकडे बघितलंही नाही. कात्री कानाजवळ नेऊन दोनदा उघडझाप केली आणि विचारलं, "स्क्रूड्रायव्हर मिळेल?"

"पुराव्याची मोडतोड करताय?" वकील उसळला.

"माझ्यासमोर उघडा," बाई म्हणाल्या. शिपायाने कुठूनसा स्क्रूड्रायव्हर पैदा केला.

तेव्हा लेकीच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्याकडे धारेला फक्त स्वतः घडवलेली कात्री घेत. दुसऱ्याची पोरं आपण न्हाऊ घालत नाही, असं आजोबा म्हणायचे. नवी कात्री जोडताना स्क्रूखाली एक रेघ मारायची, आणि ती दर वेळी धारेला आली की रेघेपुढे एक ठिपका. पातं किती झिजलंय ते त्यावरून कळायचं. "कुणाला दिसतात ते ठिपके? बंद करू या," असं मागच्या वर्षी लेकच म्हणाली होती. बाबा काही बोलले नाहीत आणि ठिपकेही थांबले नाहीत.

स्क्रू निघाला. पाती सुटी झाली. बाईंनी भिंग लावून पाहिलं. एक रेघ, आणि तिच्यापुढे ठिपक्यांची ओळ. बाबांनी पिशवीतून शेजारच्या शिंप्याची कात्री काढून उघडली. तीच रेघ, तसेच ठिपके. मग कंपनीने नमुना म्हणून दिलेली नवी कात्री उघडली. आतून कोरी.

"रेघा-ठिपके काय, कुणीही मारेल," वकील म्हणाला.

"मारेल की. पण आत काय असतं ते ठाऊक असलेलाच मारेल," बाबा म्हणाले. "ह्यांना ठाऊक असतं तर ही कात्री इथे आणलीच नसती."

शिपायाला हसू आवरेना. बाईंनी मात्र भिंग खाली ठेवलं नाही. "हे सगळे एका हाताचे वाटत नाहीत," त्या म्हणाल्या.

"नाहीतच. पहिले नऊ खोल आहेत, ते माझ्या वडिलांचे. पुढचे तेरा माझे." बाबांचं बोट ओळीच्या टोकाला जाऊन थांबलं. त्यांनी लेकीकडे एकदा पाहिलं आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "आणि हे शेवटचे चार डावीकडे कललेत ना, मॅडम? असा हात अख्ख्या बाजारात एकच आहे. तो माझ्या लेकीचा."