दुपट्टा

मोतीबाईनं अंगठा पुन्हा मशीनवर दाबला. मशीननं पुन्हा ओळख दिली नाही. कापूस वेचून वेचून बोटांवरच्या रेघा कधीच झिजून गेल्या होत्या.

"काकी, आता तोंडच दाखवा लागते," सुनील म्हणाला. "फोनमधी."

सुनील तांड्यातलाच, झरीला त्याचं ऑनलाइन कामाचं दुकान; आज मशीन घेऊन तो तांड्यावर आला होता. सरकारी हप्त्यासाठी ओळख पटवायचा आज शेवटचा दिवस. नवऱ्यामागं वावर मोतीबाईच्या नावावर आलं होतं. आज ओळख पटली नाही तर हप्ता थांबणार, आणि सोयाबीनचं बी त्याच हप्त्याच्या भरवशावर होतं.

पण तांड्यात रेंज येते ती भावसिंगच्या ओट्यावर. तिथंच बाजेवर भावसिंग पडून होता, मोडलेली मांडी घेऊन. तिचा थोरला दीर. नवरी होऊन आली तेव्हापासून त्याच्यापुढं तिचा घुंगट कधी वर झाला नव्हता, तोंडून शब्द निघाला नव्हता. घुंगटाखालून दिसायचे ते त्याचे पाय. टाचांच्या भेगांवरून आणि पहाटेच्या खोकल्यावरून ती त्याला ओळखायची.

ती पाठ करून बसली, तर चेहऱ्यावर अंधार, फोन घेईना. ओट्याखाली उतरली, तर रेंज गेली. बाज आत न्यावी तर उचलणार कोण? सारा तांडा तेंदूपत्त्याला जंगलात गेलेला.

"सरकारले तोंड पाह्यजे, काकी," सुनील हसला. "सरकारपुढं कायचा घुंगट?"

मोतीबाईनं नुसती मान हलवली आणि उठली. राहिला हप्ता तर राहिला.

तेवढ्यात बाज करकरली. भावसिंगनं उशाचा दुपट्टा ओढला आणि आपल्याच तोंडावर घेतला, कपाळापासून छातीपर्यंत.

"तिले सांग," तो आतून म्हणाला, "मी घरी नाही."

मोतीबाई उभी राहिली ती राहिलीच. मग हळूच बसली. आरशांची ओढणी तिनं मागं सारली, तसं वैशाखाचं ऊन सुरकुत्यासुरकुत्यांतून उतरलं.

फोननं डोळे मिटायला लावले. तिनं मिटले. उघडले, तर फोनच्या पलीकडं तो होता. साऱ्या जन्मात पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडं बघता आलं, तर आज त्याचंच तोंड झाकलेलं.

रेंज गेली. आली. फोन पुन्हा डोळे मिटा म्हणाला, पुन्हा उघडा म्हणाला. दुपट्टा श्वासासरशी आत ओढला जात होता, बाहेर फुगत होता. नाकापाशी ओल धरली होती. पण भावसिंगनं त्याला हात लावला नाही.

अखेर हिरवी खूण उमटली. "झालं काकी," असं पुटपुटत सुनील घाईनं गाडीकडं गेला. त्याला अजून दुसरं गाव गाठायचं होतं. मोतीबाईनं घुंगट ओढून घेतला.

भावसिंग तसाच पडून होता. त्याच्या जड झालेल्या कानांना सुनीलचं पुटपुटणं पोचलं नव्हतं. आता सांगायला तीच होती. काय म्हणून हाक मारावी, ते तिला ठाऊक नव्हतं. कधी मारलीच नव्हती.

ती बाजेजवळ सरकली.

"झालं जी," घुंगटातून ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "झालं."

दुपट्टा लगेच निघाला नाही. आतून थकलेला आवाज आला.

"एवढं गुदमरते काय, बाई, आत?"