न्हाव्याच्या खुर्चीतलं भूत

"उठू नकोस दादा, आता भूत न्हाव्याकडे दाढीला येईल," मी तिसऱ्यांदा म्हटलं, आणि पडद्यावर 'समाप्त' उमटलं.

भाऊबिजेचं जेवण झाल्यावर भुताचा हा जुना विनोदी सिनेमा मीच हौसेनं लावला होता. तो मी एकदाच पाहिलेला, सहा वर्षांची असताना, मिरजेच्या थिएटरात. खरं तर पाहिलाही नव्हता. भीतीनं मी दादाच्या शर्टात तोंड खुपसून बसले होते आणि दहा वर्षांचा दादा माझ्या कानाशी एकेक प्रसंग सांगत होता. "भूत न्हाव्याच्या खुर्चीत बसलंय. वस्तरा तयार आहे, पण त्याला गालच नाहीत!" हसून हसून माझं पोट दुखलं होतं.

आज त्यात न्हावीच नव्हता. रडकी नायिका, पांढरा रंग फासलेली भुतं आणि ओढूनताणून केलेले विनोद. पोरं कधीच उठून गेली होती. नवरा सोफ्यावर घोरत होता.

मला दादाचा रागच आला. मैत्रिणींना, नवऱ्याला, पोरांना, चाळीस वर्षं मी तोच प्रसंग रंगवून सांगत आले होते.

"इतकं सगळं मनानं रचलंस?" मी म्हटलं. "पडद्यावर काय चाललंय तेवढं सांगायला काय झालं होतं तुला?"

ओवाळणीच्या तबकातली सुपारी दादानं उचलली, बोटांत फिरवली आणि परत ठेवली.

"मला तरी कुठं माहीत होतं?" तो म्हणाला. "माझेही डोळे मिटलेलेच होते."